भाकितांचा भाष्यकार जॉन नेल्सन डार्बी

बायबलमधील इस्रायलविषयीची वचने ज्यू लोकांसाठी की ख्रिस्ती मंडळीसाठी, या जुन्या प्रश्नाचे एका आयरिश धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात दिलेले उत्तर पुढे थेट पश्चिम आशियाच्या राजकारणापर्यंत पोहोचले. तो स्वतः मात्र राजकारणापासून आयुष्यभर चार हात दूर राहिला.

१४ मे २०१८ रोजी अमेरिकेने इस्रायलमधील आपला दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला हलवला. त्या समारंभात रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हेगी या दोन अमेरिकी धर्मोपदेशकांनी प्रार्थना केल्या. त्याच दिवशी गाझाच्या सीमेवर इस्रायली गोळीबारात पन्नासहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. परराष्ट्र धोरणातील एका निर्णयाच्या सोहळ्यात प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांचे काय काम, असा प्रश्न बाहेरच्यांना पडणे स्वाभाविक होते. अमेरिकेतील लक्षावधी इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांना मात्र तो पडला नाही. ज्यू लोकांनी आपल्या प्राचीन भूमीत परतणे आणि जेरुसलेम पुन्हा त्यांच्या हाती येणे ही अखेरच्या काळाची चाहूल आहे, असे त्यांच्यापैकी अनेक जण मानतात. या विचाराला सुसंगत चौकट देण्यात सर्वांत मोठा वाटा ज्याचा होता, तो जॉन नेल्सन डार्बी १८८२ मध्येच निवर्तला होता.

डार्बीचा जन्म १८ नोव्हेंबर १८०० रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात झाला. घराणे आयर्लंडमधील जमीनदारांचे. लेप कॅसल ही त्यांची वडिलोपार्जित गढी. काका सर हेन्री डार्बी हे नाइलच्या १७९८ च्या लढाईत अ‍ॅडमिरल नेल्सनच्या आरमारातील एका युद्धनौकेचे कप्तान होते. त्या नात्याची आठवण म्हणून घरातल्या या धाकट्या मुलाच्या नावात नेल्सन हे नाव गुंफले गेले. वेस्टमिन्स्टर स्कूलमधील शिक्षण संपवून तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला आणि १८१९ मध्ये अभिजात भाषांचे सुवर्णपदक मिळवून पदवीधर झाला. १८२२ मध्ये वकिलीची सनदही मिळाली. बुद्धी, घराणे आणि ओळखीपाळखी पाहता न्यायव्यवस्थेतील उच्चपद त्याची वाट पाहत होते. डार्बीने मात्र वकिली सोडली. १८२५ मध्ये त्याने चर्च ऑफ आयर्लंडमध्ये डीकनपदाची दीक्षा घेतली, पुढल्या वर्षी तो पूर्ण धर्मगुरू झाला आणि विकलो परगण्यातील कॅलरी या डोंगराळ, दरिद्री भागात काम करू लागला.

तेथील शेतकरी बहुतांशी कॅथलिक होते. डार्बी झोपड्यांमधून हिंडे, मिळेल ते खाई, रात्री उशिरा परते. त्या काळात आयर्लंडभर आठवड्याला सहाशे ते आठशे कॅथलिक प्रॉटेस्टंट होत होते, असे त्याने नंतर नमूद केले आहे. इतक्यात डब्लिनचे आर्चबिशप विल्यम मॅगी यांनी नवा दंडक घातला. पंथात येणाऱ्या प्रत्येकाने ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. आयरिश शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ श्रद्धेबरोबर देशही बदलणे असा होता. धर्मांतरांचा ओघ थांबला. डार्बीला त्याहून मोठा धक्का तत्त्वाचा बसला. ख्रिस्ताची मंडळी एखाद्या राज्यसत्तेचे खाते कशी असू शकते, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हा रुतला तो कायमचा.

अपघात आणि उलगडा

१८२७ च्या शरद ऋतूत घोडेस्वारी करताना झालेल्या अपघातात डार्बीच्या पायाला गंभीर इजा झाली. बहीण सुझाना हिच्या डब्लिनमधील घरी त्याला कित्येक आठवडे अंथरुणावर काढावे लागले. बहिणीचे यजमान एडवर्ड पेनेफादर नामांकित वकील होते आणि पुढे आयर्लंडचे सरन्यायाधीश झाले. त्या घरी मुलांना शिकवण्यासाठी इंग्लंडहून आलेल्या फ्रान्सिस न्यूमन या तरुणाने, पुढे कार्डिनल झालेल्या जॉन हेन्री न्यूमनच्या धाकट्या भावाने, कुबड्या घेतलेल्या या धर्मोपदेशकाचे वर्णन नाव न घेता आपल्या १८५० च्या आत्मवृत्तात केले आहे. दाढी वाढलेली, डोळे लाल, कपडे जुनेरे आणि अंगावर मांस म्हणून नाही, असा हा माणूस बैठकीच्या खोलीत विजोड दिसे. परंतु तो बोलू लागला की त्याच्या प्रभावातून सुटणे कठीण होई. स्वतः न्यूमन पुढे पारंपरिक ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर गेला. डार्बीचा ठसा मात्र त्याला पुसता आला नाही.

आजारपणात डार्बी बायबल वाचत होता. यशयाच्या बत्तिसाव्या अध्यायात एक राजा न्यायाने राज्य करील, उजाड भूमी पुन्हा फुलेल, लोक शांततेत नांदतील, असे चित्र आहे. हे चित्र सरळसरळ पृथ्वीवरचे, एका विशिष्ट भूमीचे आणि एका विशिष्ट लोकसमूहाचे आहे, असे त्याला वाटले. उलट पौलाच्या पत्रांत ख्रिस्ताशी एकरूप झालेल्या आणि स्वर्गात स्थान मिळालेल्या मंडळीचे वर्णन आहे. ही दोन चित्रे एकमेकांत मिसळता येत नाहीत. तेव्हा ती दोन वेगळ्या प्रजांची असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्याने काढला. इस्रायल ही पृथ्वीवरची प्रजा आणि मंडळी ही स्वर्गीय प्रजा. त्याची पुढची पंचावन्न वर्षे या एका विभागणीचा विस्तार करण्यात गेली.

वचने कोणाची?

या विभागणीचे वेगळेपण समजण्यासाठी त्याआधीची परंपरा पाहावी लागते. अब्राहामाला भूमीचे वचन मिळाले, दावीदाला अढळ सिंहासनाचे. ज्यू लोकांच्या मोठ्या समूहाने येशूला मसीहा मानले नाही. मग त्या वचनांचे काय झाले? प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, नवव्या ते अकराव्या अध्यायांत, या प्रश्नाशी झुंज दिली आणि देवाने आपल्या लोकांना टाकलेले नाही असे सांगितले. परंतु पुढील शतकांत मुख्य प्रवाहातील धर्मपंडितांनी वेगळी वाट धरली. मंडळी हीच आता खरी इस्रायल. भूमी, सियोन, मंदिर ही सारी आध्यात्मिक प्रतीके. जुनी वचने मंडळीच्या नावे झाली, असे ते मानू लागले. या भूमिकेची काळी बाजू युरोपातील ज्यूंनी सोसली. देवाने टाकलेले लोक हा शिक्का त्यांच्या छळाला धार्मिक आधार देत राहिला. कॅथलिक चर्चने त्या विचारापासून अधिकृतपणे फारकत घेतली ती थेट १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

ज्यू लोकांचे पुनर्वसन होईल असे मानणारे प्रॉटेस्टंट डार्बीच्या आधीही होते. विशेषतः फ्रेंच राज्यक्रांती आणि १७९८ मध्ये फ्रेंच फौजांनी पोपला केलेली अटक यांनंतर ब्रिटनमध्ये भाकितांच्या अभ्यासाला उधाण आले होते. बहुतेक अभ्यासक दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरून युरोपच्या इतिहासाशी ताळा जुळवत. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याने अशाच हिशेबाने १८४३ च्या सुमारास ख्रिस्त येणार असे जाहीर केले. अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. तो दिवस आला आणि गेला. हजारो माणसांचा भ्रमनिरास झाला.

डार्बीच्या मांडणीत अशा नामुष्कीला जागाच नव्हती. दानीएलाच्या नवव्या अध्यायात इस्रायलसाठी सत्तर सप्तकांचा काळ सांगितला आहे. एक सप्तक सात वर्षांचे, म्हणजे एकूण ४९० वर्षे. त्यांपैकी एकोणसत्तर सप्तके मसीहाच्या येण्यापर्यंत पुरी झाली. इस्रायलने त्याला नाकारले आणि तेथेच तो काळ थांबला. सत्तरावे सप्तक अजून यायचे आहे. मधला सारा काळ मंडळीचा आहे आणि जुन्या संदेष्ट्यांना त्याची कल्पनाच नव्हती. वाक्याच्या मध्ये कंस यावा तसा हा काळ देवाच्या योजनेत येतो. हा कंस संपताना ख्रिस्त आपल्या मंडळीला आकाशात उचलून घेईल. इंग्रजीत हीच घटना ‘रॅप्चर’ या नावाने ओळखली जाते. तिचा आधार म्हणून थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय दाखवला जातो. त्यानंतर इस्रायलचा काळ पुन्हा सुरू होईल. ख्रिस्तविरोधकाची सत्ता आणि महासंकट यांतून गेल्यावर ख्रिस्त पृथ्वीवर येऊन सहस्र वर्षे राज्य करील आणि तेव्हा इस्रायलची वचने अक्षरशः पुरी होतील.

या मांडणीनुसार मंडळीच्या काळाचे वेळापत्रक बायबलमध्ये नाही. ख्रिस्त आज रात्री येऊ शकतो किंवा शतकभर येणार नाही; त्याच्या येण्याआधी एखादे युद्ध वा तह घडलाच पाहिजे असे नाही. त्यामुळे डार्बीने तारीख दिली नाही, आणि आपल्या काळातील घडामोडींत भाकितांची पूर्तता शोधणाऱ्यांना तो दुरूनच नमस्कार करीत असे. मंडळी स्वर्गाची, तर तिने पृथ्वीवरच्या सत्तेत वाटा का मागावा? म्हणूनच ख्रिस्ती माणसाने मतदान करू नये, सरकारी पद स्वीकारू नये, अशीही त्याची शिकवण होती.

हे सारे विचार एका दिवसात पक्के झाले नाहीत. १८३१ ते १८३३ या काळात विकलो परगण्यातील पॉवरस्कोर्ट हाऊस या प्रासादात थिओडोसिया या विधवा उमराव स्त्रीच्या यजमानपदाखाली भाकितांवरील परिषदा भरल्या. तेथील चर्चांत डार्बीची मते घासली गेली आणि टोकदार झाली. रॅप्चरची कल्पना त्याने स्कॉटलंडमधील मार्गारेट मॅकडोनल्ड या तरुणीच्या १८३० मधील दृष्टान्तावरून उचलली, असा आरोप टीकाकारांनी नंतर केला. डार्बी तेव्हा स्कॉटलंडला जाऊन आला होता हे खरे. मात्र तेथील चमत्कारिक उद्गार देवाकडून आलेले नाहीत असा त्याचा अभिप्राय होता. बहुतेक इतिहासकार हा आरोप ग्राह्य मानत नाहीत.

एकीचा ध्यास, फुटीची परंपरा

डार्बीची पहिली महत्त्वाची पुस्तिका १८२८ ची. तिचा विषय ख्रिस्ती मंडळीचे स्वरूप आणि तिची एकी हा होता. त्याच सुमारास डब्लिनमध्ये अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज, एडवर्ड क्रोनिन, जॉन गिफर्ड बेलेट आदी मंडळी पंथभेद विसरून, कोणा दीक्षित पाद्र्याविना, घरात जमून प्रभुभोजन करू लागली होती. डार्बी त्यांच्यात मिसळला. इंग्लंडमधील प्लिमथ येथे ही चळवळ फोफावली, म्हणून लोक तिला प्लिमथ ब्रदरेन म्हणू लागले. नाव, घटना, पदाधिकारी यांपैकी काहीही नसलेला हा बंधुसमाज सर्व ख्रिस्ती लोकांना एकत्र आणील अशी आशा होती.

ती आशा भंगेल हे आधी ओळखले ते ग्रोव्ह्जने. दंतवैद्यकाचा चांगला चालणारा व्यवसाय सोडून तो बगदादला गेला, तेथे प्लेग आणि पूर यांच्या तडाख्यात त्याची पत्नी वारली, आणि १८३३ मध्ये तो मुंबईमार्गे भारतात आला. पुढची बरीच वर्षे त्याने मद्रास इलाख्यात काढली. त्याच्याबरोबर आलेल्या सहकाऱ्यांनी गोदावरीच्या मुखाकडील तेलुगू प्रदेशात जे काम उभारले, ते दीर्घकाळ टिकले. १८३६ मध्ये इंग्लंडहून पुन्हा भारताकडे निघताना त्याने डार्बीला एक पत्र लिहिले. ख्रिस्तावरील प्रेमाऐवजी मतांची अचूकता हीच एकत्र येण्याची कसोटी ठरली, तर ज्या संकुचित पंथांतून आपण बाहेर पडलो तसेच आपण होऊ, असा इशारा त्यात होता.

इशारा खरा ठरायला बारा वर्षे लागली. प्लिमथच्या मंडळीत बेंजामिन विल्स न्यूटन हा मोठ्या अधिकाराचा शिक्षक होता. मंडळीला महासंकटापूर्वी गुपचूप उचलले जाईल हे त्याला मान्य नव्हते. भाकितांवरून सुरू झालेला वाद अधिकाराचा झाला. मग ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या न्यूटनच्या शिकवणीत दोष निघाला. न्यूटनने चूक कबूल केली आणि तो प्लिमथ सोडून गेला, तरी डार्बीचे समाधान झाले नाही. ब्रिस्टॉलच्या बेथेस्डा मंडळीने न्यूटनच्या काही सोबत्यांना आत घेतले, म्हणून १८४८ मध्ये त्याने त्या साऱ्या मंडळीशी संबंध तोडले. तिच्याशी संबंध ठेवणाऱ्यांशीही तोडले. अनाथ मुलांसाठी आयुष्य वेचणारा जॉर्ज म्युलर हा बेथेस्डाचा प्रमुख आणि ग्रोव्ह्जचा मेहुणा. ब्रदरेनची तेव्हा जी दोन शकले झाली, ती पुन्हा सांधली गेली नाहीत. मंडळीच्या एकीवर लिहून सुरुवात करणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील ही मोठी शोकांतिका होती. आपण सत्याशी तडजोड केली नाही, एवढेच त्याला दिसत होते.

तो अविवाहित राहिला. घर असे नव्हतेच. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, कॅनडा, अमेरिका, वेस्ट इंडीज, न्यूझीलंड असा तो आयुष्यभर फिरत राहिला. १८४० मध्ये जिनिव्हात त्याने मंडळीच्या आशेवर दिलेल्या व्याख्यानांनी त्याच्या विचारांना युरोपात प्रथमच मोठा श्रोतृवर्ग मिळाला. गोरगरिबांशी तो मायेने वागे; वादात मात्र त्याची लेखणी कठोर होई. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर हे त्याचे दुसरे मोठे काम. जर्मन एल्बरफेल्ड बायबल १८७१ मध्ये सहकाऱ्यांच्या साथीने पूर्ण झाले. फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरेही त्याच्या नावावर आहेत. इंग्रजीत त्याने चर्च हा रूढ शब्द टाळून सभा या अर्थाचा शब्द योजला, कारण त्याच्या मते ती इमारत नव्हे, संस्थाही नव्हे, तर एकत्र बोलावलेली माणसे होत. मराठी बायबलच्या वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तेथे मंडळी हाच शब्द रुळलेला आहे.

अमेरिकेची स्वारी

१८६२ ते १८७७ या काळात डार्बी अनेकदा उत्तर अमेरिकेत गेला. पहिल्या फेरीच्या वेळी तेथे यादवी युद्ध पेटलेले होते. माणसाच्या प्रगतीतून पृथ्वीवर देवाचे राज्य अवतरेल, हा आशावाद त्या रक्तपातात कोमेजत होता. मंडळीची अवनती होत जाणार आणि सुटका वरून येणार, या शिकवणीला तेथे कान मिळाले. शिकागोतील प्रख्यात प्रवचनकार ड्वाइट मूडी याच्याशी डार्बीचा माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावरून खटका उडाला, तरी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची ओढ मूडीने स्वीकारली. प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा अनेक पंथांतील पाद्र्यांचे असेच झाले. भाकितांची उकल त्यांनी घेतली; आपापले चर्च सोडा, हे डार्बीचे सांगणे मात्र कानाआड केले.

इंग्लंडमध्ये अखेरची वर्षे पुन्हा फुटीतच गेली. डार्बीचे विखुरलेले लेखन गोळा करून तीसहून अधिक खंडांत ज्याने छापले, तो विल्यम केली हा विद्वान सहकारीही १८८१ मधील भांडणात दुसऱ्या गटात गेला. त्यानंतर वर्षभरातच, २९ एप्रिल १८८२ रोजी, बोर्नमथ येथे डार्बीचे निधन झाले. तेथेच त्याला मूठमाती देण्यात आली.

मृत्यूनंतरचा प्रवास

डार्बीचे नाव मागे पडले आणि विचार पुढे गेले. १८९१ मध्ये शिकागोचा व्यावसायिक विल्यम ब्लॅकस्टोन याने, रशियात छळल्या जाणाऱ्या ज्यूंना पॅलेस्टाइन मिळावे असे निवेदन अमेरिकेचे अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना दिले. त्यावर रॉकफेलर आणि मॉर्गन यांच्यासह ४१३ जणांच्या सह्या होत्या. ब्लॅकस्टोनची भाकितांची समज डार्बीच्या परंपरेतली. तिच्यासाठी अध्यक्षांचे दार ठोठावणे हे मात्र डार्बीच्या शिकवणीत बसणारे नव्हते. १९०९ मध्ये सायरस स्कोफिल्डने टिपांसह बायबल प्रसिद्ध केले. डार्बीच्या वळणाचे स्पष्टीकरण त्यात मूळ मजकुराच्याच पानावर, तळाशी छापलेले होते. वचन कोठे संपले आणि भाष्य कोठे सुरू झाले, याचे भान अनेक सामान्य वाचकांना उरले नाही.

मग १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र जन्मले आणि १९६७ च्या युद्धात पूर्व जेरुसलेम त्याच्या ताब्यात आले. भाकिते डोळ्यांसमोर खरी होत आहेत अशी अनेकांची खात्री पटली. १९७० मध्ये आलेल्या हॅल लिंडसेच्या पुस्तकाने आणि १९९५ पासून निघालेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबरीमालेने कोट्यवधी प्रती खपवून हा विचार घरोघरी नेला. २००६ मध्ये जॉन हेगीने इस्रायलच्या पाठिंब्यासाठी ख्रिस्ती लोकांची स्वतंत्र संघटना उभी केली.

त्याच वर्षी जेरुसलेममधील चार ख्रिस्ती चर्चच्या प्रमुखांनी संयुक्त निवेदन काढून ख्रिस्ती झिओनवाद धुडकावला. पॅलेस्टाइनमध्ये प्राचीन काळापासून ख्रिस्ती समाज आहे. भूमीच्या वचनाचा असा अर्थ लावला तर त्या भूमीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जागाच उरत नाही, ही त्यांची व्यथा आहे. ज्यू विचारवंतांचीही अडचण वेगळ्या प्रकारची आहे. या मांडणीत त्यांच्या लोकांना राष्ट्र मिळते; पण पुढे महासंकटाचा मोठा भार त्यांच्यावरच येतो आणि उरलेल्यांनी ख्रिस्ताला स्वीकारावे अशी अपेक्षा असते.

या साऱ्याचे श्रेय किंवा दूषण एकट्या डार्बीच्या पदरी घालता येत नाही. ज्यूंच्या परतण्यासाठी ब्रिटनमध्ये खटपट करणारे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्यासारखे लोक भाकितांच्या वेगळ्या परंपरेतले होते. १९१७ च्या बाल्फर जाहीरनाम्यामागे साम्राज्याचे हिशेब होते, तर झिओनवाद ही ज्यूंची स्वतःची चळवळ होती. डार्बीचे काम वाचनाच्या पद्धतीपुरते होते. इस्रायल म्हणजे इस्रायलच, असे त्याने ठामपणे सांगितले आणि टाकलेल्या ठरवल्या गेलेल्या लोकांना त्यांची वचने परत दिली. त्याच वेळी मंडळीने या पृथ्वीवरील व्यवहारापासून दूर राहावे असेही त्याने तितक्याच ठामपणे बजावले. नंतरच्या पिढ्यांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोडून दिली. बायबल आणि सकाळचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून दोहोंचा मेळ घालणारे असंख्य वाचक आज त्याच्याच परंपरेत मोजले जातात. बोर्नमथमध्ये चिरनिद्रा घेणाऱ्या त्या वृद्ध धर्मोपदेशकाने त्यांच्या हातातले वर्तमानपत्र आधी बाजूला ठेवायला लावले असते.